पक्ष्यांची तिकिटं

दुपारी घरालगतचा दवाखाना बंद झाला की दातांची डॉक्टरीण घरातल्या टेबलावर आपली टपाल तिकिटं मांडून बसायची. यंदाच्या कोरड्या हवेने तिच्या पक्ष्यांच्या संचाची पार वाट लावली होती. जुनी, कोरी, मागे डिंक असलेली तिकिटं. एकेकाची सुरळी झालेली. तिने डब्यात तळाशी ओला कापूस ठेवला होता, वर जाळी आणि जाळीवर एकच तिकीट. ओलाव्याने डिंक सैलावला की ते आपसूक उलगडतं. मग बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली ठेवायचं. बाकीची बाहेर पाळीची वाट बघत होती.

तेवढ्यात मोठा भाऊ गाल धरून आला. दाढ ठणकत होती.

"बस दादा. इंजेक्शनची तयारी करते. आणि कशाला हात लावू नकोस."

ती परतली तेव्हा तो टेबलावर वाकला होता.

"तू उगाच घोळ घालत बसतेस. हे बघ, अंगठ्याने असं उलटं दाबलं की..."

कट्ट! तिकीट पक्ष्याच्या पोटातूनच मोडलं. त्याच्या कोपराशी आणखी दोन मोडलेली पडली होती.

"हे तिसरं?"

"जुनी आहेत गं. आधीच गेलेली असणार."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी तिची नवी सायकलही त्याने अशीच 'दुरुस्त' केली होती, आणि तेव्हाही चूक सायकलचीच निघाली होती.

"पहिलं तुटल्यावर थांबला का नाहीस?"

"वाटलं, दुसरं जमेल."

"ऊठ."

"अगं, दाढ..."

"चौकात दुसरा डॉक्टर आहे. ऊठ म्हणते ना!"

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "कागदाच्या कपट्यांसाठी सख्ख्या भावाला हाकललंस?"

"त्यालाच विचार वहिनी, एक तुटल्यावर दुसरं का उचललं. दुसरं तुटल्यावर तिसरं का."

वहिनी हळूच म्हणाली, "असलं विचारून विचारून मी थकले गं," आणि तिने फोन ठेवला.

सकाळी भाऊ पुन्हा दारात. गाल टम्म सुजलेला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, नीट भूल दिली, दाढ काढली.

"अजून रागावलीयस?" बोळा चावतच त्याने विचारलं.

"हो. तोंड बंद ठेव, रक्त येईल."