अनोळखी बाई

शेखरच्या द्राक्षबागेतून एक पायवाट जायची. ती सातबाऱ्यावर नव्हती की नकाशात नव्हती. बागेच्या मागे, नदीच्या अंगाला रंगनाथचं वावर होतं आणि त्याची बायको कुसाबाई रोज सकाळी झेंडूची नाहीतर मेथीची पाटी डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं मखमलाबाद रस्त्यावर यायची. तिथं बाजाराचा टेम्पो थांबायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. परतताना ती शेखरच्या ओट्यावर एखादी जुडी ठेवायची, गावातली एखादी बातमी सांगायची आणि पुढे जायची. शेखरची आई अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिची वेणी रोज कुसाबाईनंच घातली. बायको शुभांगी सकाळच्या शाळेवर शिकवायला जायची आणि शेखरला काही आईचा गुंता सोडवता यायचा नाही.

दोन हजार तीनच्या हंगामात शेखरनं माल परदेशी पाठवायचं ठरवलं. मुंबईच्या एका कंपनीशी बोलणी झाली. फवारणीची नोंदवही आली, मजुरांना टोप्या आल्या, हात धुवायला नळ आला. शेखरनं मोबाइल घेतला. दव पडणार की नाही, कोणतं औषध बंद झालं, सगळं त्यावर कळायचं. हॉलंडमधल्या दुकानात आपले घड लागणार, या विचारानं त्याला धड झोप यायची नाही.

जानेवारीत तिकडची एक बाई तपासणीला आली. सोबत कंपनीचे यादव साहेब. बाईकडे रीळ न लागणारा छोटा कॅमेरा होता. तिनं औषधांची खोली टिपली, नळ टिपला, संडाससुद्धा टिपला. सगळं मनासारखं चाललं होतं. तिसऱ्या ओळीत वळले आणि पाहतात तो वेलींच्या सावलीत कुसाबाई बसलेली. शेजारी पाटी. पायात काटा रुतला होता, तो ती नखानं काढत होती. शेखरला बघून ती हसली, काहीतरी बोलणार होती.

यादवांनी आधी विचारलं, "या कोण? तुमच्याकडे कामाला आहेत का?"

कामाला आहे म्हणावं, तर नोंदवहीत नाव नाही, डोक्यावर टोपी नाही. शेजारीण आहे, रोज इथूनच जाते म्हणावं, तर बागेत बाहेरच्या माणसाला मज्जाव, सगळंच मुसळ केरात.

"नाही साहेब," शेखर म्हणाला. "ओळखीच्या नाहीत. चुकून आल्या असतील कुठून तरी."

कुसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि यादवांना म्हणाली, "व्हय साहेब, वाट चुकले. या अंगाला कधी आले नव्हते. रस्ता कुठशी हाय, तेवढं दावा."

यादवांनी बोट दाखवलं. त्या बोटाच्या दिशेनं ती लंगडत निघाली. गोऱ्या बाईनं तिचा फोटो घेतला.

"संध्याकाळपर्यंत तिकडे पोचलेला असतो बघा," यादव कौतुकानं म्हणाले.

त्याच दिवशी जाऊन कुसामावशीच्या पाया पडायचं, असं शेखरनं ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी पाहुणे जेवायला थांबले. दुसऱ्या दिवशी फवारणी निघाली. तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन येताना दिसली, तेव्हा तो पंपघरात शिरला आणि ती जाईपर्यंत उगाच स्टार्टर उघडून बसला. मावशीनंच तर सांभाळून घेतलं, तिला कळलंय सगळं, अशी तो मनाची समजूत घालायचा. आणि तिला सगळं कळलं होतं, हेच त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आठवड्याभरानं अहवाल ई-मेलवर आला. त्याची दहावीतली मुलगी वैष्णवी इंग्रजी वाचायला म्हणून त्याच्याबरोबर पंचवटीतल्या सायबर कॅफेत आली. फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी पानं, मग पाटी, मग तोंड.

"अप्पा, कुसाआजी!" वैष्णवी टाळी वाजवून म्हणाली. "आजी हॉलंडला जाऊन आली!" मग ती खालच्या ओळी वाचू लागली आणि तिचा आवाज बारीक झाला. "इथं लिहिलंय, अनोळखी बाई. आपण हिला ओळखत नाही, असं बागमालकानं सांगितलं." तिनं मान वळवली. "तुम्ही असं सांगितलं?"

"अगं, ते तपासणीपुरतं असतं."

पंधरा दिवसांत कुंपण घाला, असं पुढं लिहिलं होतं. घरी येताना वैष्णवीनं स्कूटरवर त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसली.

कुंपणाचे खांब आले, त्या दिवशी मात्र शेखर रंगनाथच्या वावरात गेला. कुसाबाई झेंडू तोडत होती.

"मावशी, त्या दिवशी मी..."

"जाऊ दे रे. तुझा माल जातोय ना?"

"जातोय. मावशी, तारेला एक फाटक ठेवतो. किल्ली तुझ्याकडे. ते लोक काय रोज येतात?"

"नको बाळा." तिचा हात थांबला नाही. "परत कुणी इचारलं, तर तुला परत खोटं बोलावं लागंल."

त्यात राग नव्हता. असता, तर त्याला रडता तरी आलं असतं. तो बांधावरून परत आला.

तार लागली. माल गेला, पुढच्या वर्षीही गेला. रंगनाथनं टेम्पोवाल्याला सांगून गाडी कॅनॉलच्या पुलाशी थांबवायला लावली. लांबून जाणं त्यांच्या अंगवळणी पडलं. त्यांच्या मुलानं, ललितनंही मोबाइल घेतला. शेखरनं त्याचा नंबर साठवून ठेवला, पण लावला कधी नाही. काय बोलणार? रंगनाथच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे त्याला महिन्यानं न्हाव्याकडून कळलं.

दोन हजार सातच्या मे महिन्यात ललितच्या बहिणीचं, सुवर्णाचं लग्न निघालं. पत्रिका पोस्टानं आली. पाकिटावर सुबक अक्षरात लिहिलेलं: श्री. शेखरराव, सहकुटुंब सहपरिवार.

शेखर हळदीपासून जाणार होता, पण हळदीला या असं कुणी म्हटलं नव्हतं. लग्नाला गेला. पंगत बसली, तशी त्यानं बाह्या सारल्या आणि वरणाची बादली उचलली. या घरच्या प्रत्येक कार्यात त्यानं वाढलं होतं. दोन पानं वाढून होतात न होतात, तोच रंगनाथ लगबगीनं आला आणि त्यानं बादलीची कडी धरली.

"तुम्ही बसा, शेखरराव. पाहुण्यांनी का वाढायचं?"

"काका, मी पाहुणा कसला?"

"बसा, बसा. ऊन लय हाय."

ललितनं खुर्ची आणून पंख्यासमोर ठेवली. पंगत उठल्यावर कुसाबाई स्वतः आली. कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावून तिनं टोपी-टॉवेल त्याच्या हातात दिला. "आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर आनंदी होता. घरचं कार्य नीट पार पडत होतं. शेखरनं वाकून नमस्कार केला, तोवर ती पुढच्या पाहुण्याकडे वळली होती. मांडवात गावची पोरं घामाघूम होऊन बादल्या वाहत होती, एकमेकांवर ओरडत होती. शेखरनं टोपी डोक्यावर चढवली आणि बाकीच्या पाहुण्यांसारखा बसून राहिला.