हशांच्या वहीतली शून्यं

सकाळच्या चाचणीच्या खेळाला साठ माणसं बोलावली होती. मध्यंतरापर्यंत त्यातली एकवीस आपापल्या मोबाइलात उतरली, चार जण पाय मोकळे करायला म्हणून गेले ते गेलेच, आणि एक गृहस्थ चक्क झोपले. झोपलेल्या गृहस्थांना गाळावं असं माझ्या मनात आलं होतं, कारण सिनेमा भाचीचा होता. पण वही म्हणजे वही. लिहिलं.

मी सिनेमा पडद्याकडे पाठ करून बघतो. एकतीस वर्षं या थिएटरच्या दारावर काढली. दारावरचा माणूस पडद्यात रमला तर दार कोण बघणार? मग मी माणसं बघायला लागलो आणि त्यातून ही वही सुरू झाली. डावीकडे प्रसंग, उजवीकडे हशा. लोक गालातल्या गालात हसले की एक रेघ, मोठ्याने हसले की दोन, खुर्च्या करकरल्या की तीन. कोणीच हसलं नाही तर शून्य.

ज्या जुन्या सिनेमावरून हा नवा काढला, तो आमच्याकडे बावीस आठवडे चालला होता. गोष्ट एवढीशी. शाळेत हरवलेल्या वस्तूंचं एक कपाट असतं आणि त्याची किल्ली एका मुलीकडे असते. एक मुलगा रोज काहीतरी हरवल्याची थाप मारून तिच्याकडे येतो. बस. तेवढ्यावर बावीस आठवडे लोक दार ढकलत आत येत होते, आणि त्यांच्या हशांनी माझी अर्धी वही भरली होती.

गेल्या वर्षी घरच्या जेवणात मी या वहीची फुशारकी मारली. भाची तेव्हा नुकतीच या नव्या सिनेमाची संकलक झाली होती. स्वतंत्रपणे पहिलंच काम. तिने वहीची गोष्ट निर्मात्याला सांगितली. निर्मात्याचं खरं नाव पाटीवर असतं; माघारी सगळे त्याला टक्केसाहेब म्हणतात, कारण 'नायिका ऐंशी टक्के जमलीय' असं तो बोलतो. त्याने वही मागवून तीन दिवस ठेवली आणि परत देताना माझा हात दोन्ही हातांत धरला. "मामा, हे सोनं आहे सोनं!" मीही फुगलो.

त्या सोन्याचं त्याने काय केलं, ते मला आज सकाळी कळलं. दोन आणि तीन रेघांचे सगळे प्रसंग त्याने ठेवले होते. शून्याचे बाराच्या बारा गाळायला लावले होते.

खेळ संपल्यावर तो भाचीच्या संकलनाच्या खोलीत आला, बसला नाही. "पाचला दुसरा खेळ आहे, नवी साठ माणसं. तोवर जमव. नाहीतर उद्यापासून या खुर्चीत दुसरा संकलक बसेल."

"काय जमवू?"

"विनोद वाढव," म्हणाला आणि गेला.

खोली म्हणजे दोन पडदे, हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली खुर्ची आणि साय धरलेला चहा. भाचीने चहा बाजूला सारला.

"मामा, खरं सांग. का पडला?"

"मला काय विचारतेस? मी दारावरचा माणूस."

"म्हणूनच विचारतेय. बाकी सगळे सिनेमातले आहेत."

मग मीही हातचं राखलं नाही. "तुमची शाळा हॉटेलसारखी चकाचक. तुमचा शाळकरी मुलगा रोज दोनदा दाढी करत असणार. पण ते चालतं गं, लोक तेवढं माफ करतात. खरी गोम अशी की तुमच्यात बावळट कोणीच नाही. पोरगी दारातून आत येते तीच जिंकून. काही विचारलं की तिचं उत्तर तयार. बाराव्या मिनिटाला मैत्रीण सांगून मोकळी होते, तुला तो आवडतो म्हणून. मग आम्ही काय करायचं? बसलो आपले."

ती हसली नाही. वही ओढून पानं उलटायला लागली. "प्रसंग सतरा. शून्य. इथे काय होतं?"

"हातमोज्याचा प्रसंग. त्याचं काहीच हरवत नाही, हे तिला कळलेलं असतं. आज बोलायचंच असं ठरवून ती येते. केस विंचरते आणि कंगवा कपाटातल्या हरवलेल्या वस्तूंत लपवते. आणि नेमका त्याच दिवशी तो येत नाही. ती कोणाचा तरी एक हातमोजा घालते, काढते, कपाटाला कुलूप लावते. चाळीस सेकंद. तोंडातून शब्द नाही."

"आणि लोक?"

"कोणी हसलं नाही."

"हसले नाहीत, कळलं. मग करत काय होते?"

एकतीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही नाही.

"तिसऱ्या रांगेत एक बाई होत्या," मी म्हणालो. "त्यांचा हात लाह्यांच्या पुड्यात गेलेला, तो तिथेच राहिला. वर आलाच नाही. एक म्हातारा बायकोकडे बघत होता. आणि पोरं, एरवी शिट्ट्या मारणारी, ती श्वास धरून बसली होती. बावीस आठवडे हेच."

"हे तू लिहिलं नाहीस."

"वहीत हशाचाच रकाना होता."

"आम्ही हा प्रसंग शूट केला होता, मामा. मीच कापला." तिने खुर्ची पडद्यासमोर ओढली. "तुझ्या शून्यामुळे."

पुढचे चार तास मी खोलीत असून नसल्यासारखा होतो. मध्ये माझ्या ताईचा, म्हणजे तिच्या आईचा, फोन आला. "ती जेवली का?"

"जेवली," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस. काय जेवली सांग."

भाची मागे न बघता ओरडली, "आई, मामाला छळू नकोस, मला काम आहे!"

साडेचारला टक्केसाहेब आला आणि त्याने ते चाळीस सेकंद पाहिले. त्याचा चेहरा मी वाचला. रेघ एकही नव्हती.

"विनोद वाढव म्हणालो होतो."

"एकही वाढवलेला नाही."

"नायिका बावळट दिसतेय यात."

"त्या वयात कोण दिसत नाही? तुम्ही नव्हता दिसत?"

तो मुद्दा त्याने सोडून दिला. "इथे शून्य आलं तर?"

"शून्यच येणार आहे," भाची म्हणाली. "तुम्ही अठरावा प्रसंग बघा. मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, माझं काहीतरी हरवलंय. ती विचारते, काय? तो म्हणतो, ते अजून ठरवलं नाही. वहीत याला तीन रेघा आहेत. आज सकाळी किती आल्या, मामा?"

"एक. तीही पुसट."

"विनोद तोच, शब्द तेच. संध्याकाळीही एकच आली तर खुर्ची मी स्वतः सोडते. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

पाचला साठ माणसं आली. मी नेहमीसारखा दाराशी उभा राहिलो. टक्केसाहेब माझ्या शेजारी आला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने पडद्याकडे पाठ केली. भाची भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती.

सतरावा प्रसंग लागला. कोणी हसलं नाही. पण चौथ्या रांगेत उजळलेला एक मोबाइल कोणीतरी मांडीवर उपडा ठेवला. एका मुलीने शेजारणीचं मनगट धरलं. चाळीस सेकंदांत खोकलासुद्धा आला नाही. मग मुलगा कपाटापाशी येऊन म्हणाला, ते अजून ठरवलं नाही, आणि सगळं थिएटर एकदम मोकळं होऊन हसलं.

मी दोन रेघा मारल्या. तिसरी मारावीशी वाटली, पण खुर्च्या करकरल्या नव्हत्या. आणि विसाव्या प्रसंगाला मोबाइल पुन्हा उजळायला लागले, हेही लिहायला हवं.

खेळ संपल्यावर टक्केसाहेबाने वहीत डोकावलं. "दोन रेघा. ठीक आहे, खुर्ची तुझी. पण सिनेमा? मोबाइल सकाळी एकवीस होते, आता?"

"सतरा," मी म्हणालो.

"म्हणजे काही फार फरक नाही."

"एका शून्याला चार माणसं," भाची म्हणाली. "अजून अकरा शून्यं आहेत."

तो हिशेब त्याच्या भाषेत होता. त्याचे ओठ हलायला लागले.

"सात शूट झालेली आहेत, ती मी उद्या घालते," ती म्हणाली. "चार शूटच झाली नाहीत. त्यांच्यासाठी मला नायिका, मुलगा आणि ते कपाट दोन दिवस हवंय. आणि बाराव्या मिनिटाची ती मैत्रीण मी कापतेय. तिने आधीच बोलून टाकलं तर या शून्यांना अर्थ नाही."

"मैत्रीण माझी पुतणी आहे!"

"मग तिला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर रडेल."

टक्केसाहेबाने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. "शुक्रवारपर्यंत," तो शेवटी म्हणाला, आणि पुतणीला फोन करायला बाहेर गेला.

खोलीत आल्यावर भाचीने चिकटपट्टीची खुर्ची मला दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. वहीवर हातभर लांबीचा कोरा कागद पसरला, त्यावर एक उभी रेघ ओढली.

"शून्य नंबर दोन," ती म्हणाली. "घाई करू नकोस. सगळं आठव. कोण कुठे बसलं होतं आणि काय करत होतं?"

मी डोळे मिटले. "जिन्यातला प्रसंग," म्हणालो. "पाचव्या रांगेत एक पोस्टमन होता. दर आठवड्याला यायचा."

"लिहितेय," ती म्हणाली. "पुढे?"