रिंकी रहांगडालेचे पाय

पुण्याचा माणूस बर्फात बसला आणि म्हणाला, "मला पायाची बोटं जाणवत नाहीयेत."

झालं. मुरादने पुढचा एक शब्द ऐकून घेतला नाही. मुराद त्यांचा गाईड, तिथलाच डोंगरातला. त्याने मागच्या मदतनिसाला त्या माणसाचा दोर स्वतःकडे घ्यायला लावला आणि खाली बोट दाखवलं. पुण्याचा माणूस पदरचे पैसे भरून रशियात आला होता, शिखर समोर दिसत होतं, तरी तो गुमान उठला. पुढच्या वर्षी परत येईन, बोटं राहिली तर डोंगरही राहील, असं काहीतरी म्हणाला आणि उतरू लागला.

रिंकी रहांगडाले त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्यासाठी?

एल्ब्रुस हा विझलेला ज्वालामुखी आहे. पोटात कधीकाळी आग होती, आता अंगभर हिमनदी आहे. पहाटे बर्फावर चालणाऱ्या गाडीने अर्ध्यात आणून सोडतात, तिथून गाईडच्या मागे चढायचं आणि त्याच दिवशी खाली यायचं. दोन शिखरांमध्ये एक खिंड आहे. या खिंडीत आता रिंकी आणि मुराद दोघंच उरले होते. वारा असा होता की डोळ्यातलं पाणी गालावर येईपर्यंत गोठायचं.

हिंदुस्थानी लोकांना वर नेऊन नेऊन मुरादला कामापुरती हिंदी आली होती. त्याने हातमोज्यातली बोटं हलवून दाखवली, मग तिच्या बुटांकडे बोट केलं. "हिलता है? मालूम पड़ता है?"

रिंकीला मालूम काही पडत नव्हतं. गाडीतून उतरल्यावर तासभर पाय चावले, आगीत घातल्यासारखे झाले, मग एकदम शांत झाले. तिला बरंच वाटलं होतं. ती म्हणाली, "हिलता है. दर्द नहीं है."

ती खोटं बोलली असं कुणाला म्हणायचं असेल त्याने तिच्या गावाकडे चोरखमारा तलावाच्या पाण्यावर होणारी उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करून बघावी. नाव उन्हाळी, पण रोवणीचे दिवस थंडीचे. धुकं उठायच्या आत बायका पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरतात. पाणी आधी कापतं. मग जाळतं. मग पाय कुणा दुसऱ्याचे होतात आणि हात चालू लागतात. रिंकी सातवीत असताना पहिल्यांदा धानाच्या बांधीत उतरली आणि रडायला लागली, तेव्हा तिच्या मायने, रामबाईने, कंबरेतून न उठता सांगितलं होतं, "दुखते तोवरच दुखते वो. एकडाव सुन्न झाले का मंग काई नाई." आणि खरंच मग काही नसायचं. रात्री चिखल्या झालेल्या बोटांच्या बेचक्यात हळद-तेल भरायचं आणि सकाळी पुन्हा उतरायचं. सुन्न झालेत म्हणून शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसलेली बाई त्या गावाने पाहिलेली नाही. बसली असती तर दुसऱ्या दिवशी तिला कुणी कामाला बोलावलं नसतं.

म्हणून रिंकीला पुण्याच्या माणसाचं हसू येत होतं.

आणि हसू येत नसतं तरी ती खाली गेली नसती. तिला वनरक्षक व्हायचं होतं. दोनदा भरती दिली, दोन्ही वेळा मैदानात पहिल्या दहांत धावली आणि लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. तेव्हा तिरोड्याच्या एका संस्थेचे कैलाश सर घरी आले. गावच्या पोरींना मोठमोठ्या डोंगरांवर नेणारी संस्था. सर म्हणाले, खेळाडूच्या कोट्यातून लागते, ईश्वरदासजी मुंबईला बोलून राहिले. ईश्वरदासजी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, दर निवडणुकीत तिकीट मागणारे. कोट्यात डोंगर बसतो की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. घरात विचारायला तसं कुणी नव्हतं. बाप राईस मिलमध्ये हमाल, माय रोवणीची मजूर.

कैलाश सर चढाईच्या सकाळी बर्फावरची गाडी थांबते तिथवर आले आणि डोकं दुखतं म्हणून त्याच गाडीने परतले. जाता जाता त्यांनी तिच्या पाठपिशवीत तीन कापडं कोंबली. तिरंगा, संस्थेचा बॅनर आणि ईश्वरदासजींना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा बॅनर.

"साहेबांचा चेहरा दिसला पाहिजे, बेटा. आन एक ध्यानात ठेव, अर्ध्या डोंगराले सर्टिफिकेट नाई भेटत."

बूटही सरांनीच आणले होते. आधी कुणाच्या तरी पायात गेलेले, एक नंबर कमी. दोन जाड मोजे घातल्यावर पाय ठोकून बसवावे लागले. रिंकीने तक्रार केली नाही. मापाचं पायताण ही तिच्या घरात कधी अपेक्षाच नव्हती.

खिंडीत मुरादने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. नजर स्थिर होती, श्वास बरा होता. त्याने खांदे उडवले आणि चालू लागला.

शिखरावर फार काही नव्हतं. थोडी सपाट जागा, कुणीकुणी ठेवून गेलेल्या चिंध्या, वारा. तिरंग्याचा फोटो लगेच झाला. वाढदिवसाचा बॅनर मात्र उलटायचा, फडफडून ईश्वरदासजींचं तोंड दुमडायचं. रिंकी गुडघ्यांवर बसून कोपरे धरायची, मुराद फोटो काढायचा, तोंड पुन्हा दुमडलेलं. शेवटी मुराद त्याच्या भाषेत शिवी देऊन ओरडला, "नीचे. अभी नीचे." पण तिने अजून एक काढायला लावला. तो नीट आला.

उतरताना ती तीनदा पडली. पाय कुठे टेकतो ते बघूनच कळत होतं. तिला वाटलं, दमले.

खालच्या झोपडीत मुरादने तिचे बूट कापून काढले. बोटं खडूसारखी पांढरी होती. त्याने चमच्याने एकावर टकटक केलं, लाकडावर वाजावं तसा आवाज आला. तिला रागवायला त्याच्याकडे तेवढी हिंदी नव्हती. त्याने कोमट पाण्याचं घमेलं आणलं आणि तिचे पाय त्यात धरून ठेवले. थोड्या वेळाने पाय परत आले. जे पाय दिवसभर कुणा दुसऱ्याचे होते ते तिचे झाले आणि ती अशी ओरडली की बाहेरचे लोक आत आले.

दोन दिवसांत बोटं काळी पडली. तिथल्या डॉक्टरने पट्ट्या बांधल्या आणि सांगितलं, एक पाऊल टाकायचं नाही. देशात उतरल्या उतरल्या मोठं हॉस्पिटल. काही बोटं जाणारच, किती वाचतात ते किती लवकर पोचता यावर आहे.

विमान नागपुरात उतरलं. नागपुरात मोठी हॉस्पिटलं आहेत, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कैलाश सरांनी ईश्वरदासजींना फोन लावला. फोनवर सर फक्त हो साहेब, हो साहेब म्हणाले. मग व्हीलचेअरमागे उभे राहून, तिच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "कार्यक्रम ठरला आहे. मोठे पाहुणे येऊन राहिले. आज सत्कार, उद्या सकाळी नागपूर. एका दिवसानं काय होते?"

तिरोडा स्टेशनवर डीजे होता. फ्लेक्सवर रिंकी होती, तिच्या डोक्यावर रिंकीच्या दुप्पट ईश्वरदासजी होते. व्हीलचेअर बरी दिसत नाही म्हणून चार पोरांनी तिला उचलून उघड्या जीपमध्ये चढवलं. शाल आली, नारळ आला, हार आले.

"उभी राय बेटा," ईश्वरदासजी माईक बाजूला धरून म्हणाले. "पब्लिकले दिसली पायजे."

रिंकी जीपचा दांडा धरून टाचांवर उभी राहिली. माईकवरून तिला वाघीण म्हणाले. वनरक्षकाची नोकरी आता पक्की समजा, म्हणाले. टाळ्या पडल्या. रिंकी वाकून कैलाश सरांना म्हणाली, "सर, भरतीत धावावं लागते."

सर मोबाईलमध्ये बघत होते. "पाहू ना. दिव्यांग कोटा बी रायते."

रामबाई गर्दी फोडत जीपशी पोचली ती बाजारच्या चौकात. पोरीला थोडी दुखापत झाली, एवढंच तिला सांगितलं होतं. तिचं डोकं जेमतेम जीपच्या मागच्या फळीपर्यंत पोचत होतं, त्यामुळे पोरीचं तोंड दिसायच्या आधी तिला पट्ट्या दिसल्या. पट्ट्यांतून पिवळं पाणी झिरपलेलं होतं. तिने हात पुढे केला आणि न लावता मागे घेतला.

"काय झालं वो?"

"बर्फ लागला."

"तवा कायले नाई सांगतलंस? गाईड होता ना संगं?"

रिंकी खाली वाकली. डीजेत ऐकू जावं म्हणून मायच्या कानाशी तोंड नेलं. "माय, सुन्न झाले होते. मले वाटलं, आता काई नाई."

जीप हळूहळू पुढे सरकत होती आणि रामबाई फळीला धरून बरोबर चालत होती. चौक मागे पडला. मग ती पुढे जाऊन ईश्वरदासजींना म्हणाली, हिले उतरवा, नागपूरले नेतो. ते हसून म्हणाले, दोन मिनिट काकी, पाहुणे मंडपात बसून आहेत. तिने पुन्हा सांगितलं. ते दुसरीकडे हात हलवत होते.

गर्दीत जीप क्षणभर अडली तशी रामबाई मागे आली. तिने फळीचा खटका स्वतः काढला, जीपकडे पाठ केली, लुगडं खोचून खाली वाकली.

"बस पाठीवर."

"माय, लोक—"

"बस."

पोरगी बसली. वीस वर्षांची, डोंगर चढून आलेली, धावणारी पोरगी. रामबाई तिला घेऊन उभी राहिली. ती मिरवणुकीच्या उलट दिशेने चालू लागली. नाचणाऱ्या पोरांनी बाजूला होऊन वाट दिली, कुणाला तरी चक्कर आली असेल म्हणून. जीप पुढे गेली. फ्लेक्स होता, डीजे होता, कुणाला बराच वेळ काही कमी वाटलं नाही.

स्टेशनवर नागपूरची गाडी यायची होती. रामबाईने पोरीला बाकावर आडवं केलं, सत्काराची शाल काढून तिची घडी टाचांखाली दिली आणि शेजारी उभी राहून पदराने पट्ट्यांवरच्या माशा वारू लागली.

"शोधतीन आपल्याले," रिंकी म्हणाली.

"शोधू दे."

मंडपाकडून माईकचा आवाज येत होता. रिंकीचं नाव घेऊन तिला स्टेजवर बोलावत होते. रामबाई रुळांकडे बघत माशा वारत राहिली.