जिनोआची हिरवी चटणी

देवयानीने पापडांचं ताट टीपॉयवर ठेवलं आणि टीव्हीकडे पाठ केली. पुढचा फोटो कुठला, हे तिला माहीत होतं.

"आता नाकं धरा सगळ्यांनी," तिचा नवरा श्रीरंग रिमोट उंचावत म्हणाला. "जिनोआ, दिवस तिसरा!"

इतका वेळ सगळं छान चाललं होतं. बंदरावरचं जुनं दीपगृह झालं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चर्च झालं. समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल अशा गल्ल्या झाल्या. भट्टीतून काढलेल्या बेसनाच्या फरिनाताचा फोटो पाहून मंजुषाकाकू म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपलं धिरडंच की!" त्यावर माईंनी, म्हणजे देवयानीच्या सासूबाईंनी, ते धिरडं आपणच शोधून काढल्यासारखी मान डोलावली. काकू आणि त्यांची सून प्रीता पार्सिपनीच्या याच अमेरिकन उपनगरात दोन गल्ल्या सोडून राहायच्या. सहलीचे फोटो बघायचं मे महिन्यापासून ठरत होतं, ते आज ऑगस्टातल्या शनिवारी दुपारी जमलं होतं.

मग तो फोटो आला. एक अंधारं दुकान. दारात लाकडासारखे कडक वाळलेले, हातभर लांबीचे मासे टांगलेले, आणि खाली मिठात दाबून बसवलेल्या बारीक माशांचे डबे.

"शीऽऽ!" प्रीताने पाय वर घेतले.

"फोटोत काहीच नाही गं," माई सरसावून बसल्या. "वास! मेलेला उंदीर परवडला. मी श्रीरंगला म्हटलं, आधी मला समुद्रावर ने, नाहीतर इथेच ओकते. आणि ती माणसं तिथे उभी राहून खात होती हो. बोटं चाटत!"

"माई, किती एक्झॅजरेट करशील," श्रीरंग हसला.

"ही कोपऱ्यात नाकाला रुमाल लावून कोण? देवयानी?" काकूंनी चष्मा वर सरकवला.

"तीच. चौथा महिना होता तेव्हा," माई कौतुकाने म्हणाल्या. "इतकी बदललीय ना आमच्याकडे येऊन! हर्णैची, मासळीबंदरावरची आहे म्हणून सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

देवयानीची चार वर्षांची आन्या गालिच्यावरून उठली. तिने दोन बोटांनी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले, खांदे आक्रसले. "ममा डिड लाइक धिस. इट्स सो यकी!"

सगळे खळखळून हसले. देवयानीने वळून पाहिलं तेव्हा भिंतभर टीव्हीवर तिचा तो चेहरा होता आणि त्याच्याखाली त्याच चेहऱ्याची लहानशी नक्कल उभी होती.

त्या रुमालाआड तोंडाला पाणी सुटलं होतं, एवढंच खरं होतं. "डोहाळे काय लागलेत गं?" असं माईंनी तिथे हॉटेलात दहादा विचारलं होतं, आणि तिने दहादा "काही नाही, चिंच असली तर" असं सांगितलं होतं. त्या दुकानातला वास हर्णैच्या परसातला होता. कोलंबीचे सोडे आणि बोंबील वाळत घालून तसेच हात पुसून तिची वेणी घालणाऱ्या आयच्या बोटांचा. आवंढा गिळलेला कुणाला दिसू नये म्हणून तिने रुमाल लावला होता. आणि वर, कुणी विचारलं नसतानाही, "शी" म्हणाली होती. मोठ्याने.

ओट्याशी येऊन तिने फोन पाहिला. आयचा सकाळचा मेसेज तसाच पडून होता. 'आठ दिस ऱ्हायले. ब्याग भरतंय. सोडे आणू काय गो? तीन पिशव्यांत बांधतंय, वर डबा. कोनाला वास नाय येनार.'

सहा वर्षं हाच प्रश्न आणि सहा वर्षं तिचं 'नको'. पण आत्तापर्यंत कुरिअरचा प्रश्न होता. आता बाळंतपणाला आय स्वतः येणार होती, तीन महिने याच घरात, याच सोफ्यावर बसणार होती. तिच्या बोटांना कुठल्या पिशवीत बांधायचं?

"माई, ती चटणी टेस्ट करायचीय हं मला," हॉलमधून प्रीताचा आवाज आला. "तुम्ही फोनवर सांगत होतात ती. थालीपिठाबरोबर खाता ती!"

देवयानीने फोन खाली ठेवला.

हिरव्या चटणीच्या तीन बरण्या माईंनी जिनोआहून कपड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. पाला, लसूण, तेल आणि काहीतरी खारट, ओळखू न येणारं. अगदी आपल्यासारखी, असं त्या म्हणायच्या. लेबलाच्या कोपऱ्यात नखाएवढं चित्र होतं आणि हर्णैच्या मुलीला त्यातला मांदेलीसारखा मासा ओळखायला इटालियन यावं लागत नव्हतं. चटणी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलात न्याहारीच्या टेबलावर तिला ते दिसलं, तेव्हा माई तिसरा घास घेत होत्या. सांगायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली. मग फार उशीर झाला म्हणून. आणि मग, हे तिने स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं, माईंना बोट चाटताना बघून बरं वाटायचं म्हणून. त्या बरं वाटण्याची तिला शिसारी येत होती.

पण काकू एकादशी करणाऱ्या. त्यांच्या पानात ते पडू देणं तिला जमणार नव्हतं. ती पदर सावरत हॉलच्या दारात आली.

"माई, ती चटणी..."

"संपली की ती," माई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "कधीच संपली. प्रीता, तू लाडू घे बघू."

देवयानी दारातच उभी राहिली. आज सकाळी थालीपिठाबरोबर चटणी होती. बरणी अर्धी होती.

ती परत आत आली, फ्रिज उघडला. नेहमीच्या कप्प्यात बरणी नव्हती. ती सगळ्यात खाली, लोणच्याच्या मागे, फडक्यात गुंडाळलेली होती. तिने फडकं सोडलं. इतके दिवस तिने नजर टाळलेलं लेबल जागच्या जागी होतं. फक्त चित्राचा कोपरा नखाने खरवडून, घासूनघासून पांढरा केलेला होता. कागदाच्या कडा काळ्या पडल्या होत्या. खरवडणं आजचं नव्हतं.

मागे पावलं वाजली. माई पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. दोघींनी बरणीकडे पाहिलं. हॉलमध्ये आन्या पुन्हा नाक धरून दाखवत होती आणि पुन्हा हशा पिकत होता.

माईंनी जग भरला. जाता जाता दाराशी थांबल्या.

"झाकण घट्ट लाव हो," त्या हळूच म्हणाल्या. "वास सुटतो."

देवयानीने झाकण लावलं. बरणी जागेवर ठेवली, नेहमीच्या कप्प्यात, पुढे. मग फोन घेतला आणि ओट्याला टेकून, एका हाताने पोट सावरत लिहिलं:

'आण गो आये. एकाच पिशवीत बांध.'