बोलत्या हातांसमोर

मित्रांनो, मला एक नाव आहे, पण ते तोंडाने घेता येत नाही. उजवा हात कोपरात दुमडायचा, त्याच्या मुठीवर डावा तळहात आडवा ठेवायचा आणि दोन्ही हात हळूच वर न्यायचे, झोपलेले मूल उचलावे तसे. झाले माझे नाव. ज्यांना हे जमत नाही ते मला लॅपटॉपचा स्टँड म्हणतात. तेही खोटे नाही. मी घडीचा आहे, प्रवासाचा आहे आणि आता बराच जुना झालो आहे.

ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून माझा जन्म झाला. ते दिवस मला स्वप्नासारखे धूसर आठवतात. लांबच लांब कारखाना, छतातून झिरपणारा दुधी उजेड आणि एकामागून एक वाकत जाणारे आम्ही सगळे. कोणीतरी माझ्या अंगात दोन सांधे बसवले, एक कमरेत आणि एक मानेपाशी. कोणीतरी पायांना रबराच्या टोप्या घातल्या. मग मला घडी करून खोक्यात निजवले. जाग आली ती थेट दुकानाच्या फळीवर.

फळीवर माझ्या एका बाजूला एक जाडजूड स्टँड होता, जागचा न हलणारा. दुसऱ्या बाजूला एक नाजूक होता, लॅपटॉपच्या पोटाला चिकटवून टाकायचा, पुठ्ठ्याइतका पातळ. गिऱ्हाइके पहिल्याला हात लावून म्हणत, "काय दणकट आहे!" दुसऱ्याला उचलून म्हणत, "काय हलका आहे!" मला पाहून कोणी काहीच म्हणत नसे. मी आपला काचेतून रस्ता बघत बसे. संध्याकाळी बाहेरची माणसे पाण्याखालून चालल्यासारखी दिसत.

एका दुपारी ते दोघे आले. ती मान चोळत पुढे, तो मागे. तोंडाने कोणीच बोलत नव्हते, पण चौघांचे हात हवेत आहेत असे वाटावे इतकी त्या दोघांची बोलणी चालली होती. दुकानदाराच्या हातातला चहा निवून गेला.

तो तिचा मोठा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती चालायला लागायच्या आधी त्याच्या खुणांच्या भाषेत बोलायला लागली, असे घरचे सांगत. पुढे तेच तिचे काम झाले. ती दुभाषी होती. ठिकठिकाणच्या कर्णबधिर शाळांत जाऊन ती शिक्षकांना ही भाषा शिकवायची. शिवाय असेल तिथून, लॅपटॉप उघडून, कोणाला बँकेत तर कोणाला दवाखान्यात बोलायला मदत करायची. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. आणि ती त्याला दादा म्हणे, म्हणून तो माझाही दादा.

"ताई, हा घ्या," दुकानदाराने जाडजूड पुढे सरकवला. "वर हत्ती उभा करा, हलायचा नाही."

"आणि त्या हत्तीला पाठीवर घेऊन मी फिरू?" ताई म्हणाली. "अहो, माझा निम्मा आठवडा गाडीत जातो."

"मग हा बघा. वजनच नाही."

नाजूकवर लॅपटॉप चढला. पडदा जेमतेम चार बोटे वर आला. ताई समोर बसली, तर तिची मान होती तशीच खाली. दादाने हातवारे केले आणि ती खळखळून हसली. मग तिने दुकानदाराला सांगितले, "माझा भाऊ म्हणतो, तुझी मान बगळ्यासारखी झालीय. पण बगळ्याला निदान मासा तरी मिळतो."

मग माझी पाळी आली. माझे सांधे नवे होते, उघडताना कुरकुरले. पण लॅपटॉप वर बसला आणि पडदा थेट ताईच्या डोळ्यांसमोर आला. तिचे खांदे आपसूक खाली उतरले. कॅमेऱ्यासमोर तिने हात हलवून पाहिले. डोक्यापासून पोटापर्यंत ती सगळी त्या चौकटीत मावत होती. इतरांना स्टँड मानेसाठी हवा असतो. तिला तो आवाजासाठीही हवा होता.

दादाने मात्र लगेच होकार दिला नाही. त्याने एक तळहात टेबलावर सपाट ठेवला, दुसऱ्या हाताचे बोट लॅपटॉपच्या कोपऱ्याला टेकवले आणि ताईला मानेनेच 'चालू कर' म्हटले. ती टाइप करू लागली. त्याने डोके हलवले. थरथर त्याच्या बोटांपर्यंत पोचली होती. त्याने माझ्या मानेचा स्क्रू आवळला, पाय नीट टेकवले, पुन्हा बोट लावले.

"आता ठीक," त्याच्या हातांनी सांगितले. "पण याच्यावर टाइप करायचं नाही. कीबोर्ड वेगळा घे, तो खाली ठेव. नाहीतर मान सुटायची आणि मनगटं धरायची."

तर असा मी निवडला गेलो. दुकानाच्या पायरीवरच दादाने मला ते नाव दिले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे कशी सांगू? मी जग पाहिले ते खिडक्यांतून आणि बोटांमधून. बॅगेच्या अंधारात गाडीचा ताल ऐकत मी डुलक्या घ्यायचो. चेन उघडली की नवी खोली. कधी भिंतीवर ओल, कधी फुलाफुलांचे पडदे, कधी तीन पायांवर कसेबसे उभे असलेले टेबल. ताई मला उघडायची, कीबोर्ड पुढ्यात घ्यायची आणि ताठ बसायची. मग तिचे हात उठायचे. सकाळच्या तिरप्या उन्हात ते हात बोलू लागले की भिंतीवर त्यांच्या सावल्याही बोलत. मीही मुकाच. त्यामुळे असेल, पण ती भाषा मला लवकर कळू लागली.

एक गोष्ट तर मला फार नवलाची वाटली. त्या भाषेत चेहराही बोलतो. हात तेच, खुणा त्याच. पण भुवया वर गेल्या तर तो प्रश्न होतो आणि नाही गेल्या तर ते सांगणे होते. ताईच्या भुवया दिवसभर पाखरांसारख्या वर-खाली होत असत.

शाळांतली मुले माझ्याभोवती गोळा व्हायची. एकीने माझ्या पाठीवर चांदणीचा स्टिकर चिकटवला. शिक्षक विचारायचे, "कुठून घेतलात हो? आमचीही मान गेलीय." ताई मला थोपटून म्हणायची, "हा आहे म्हणून मी आहे." अशा वेळी मी जरा जास्तच ताठ उभा राहत असे.

पण सवयीच्या वस्तूकडे कोण बघतो? काम वाढले तशी ताईची घाई वाढली. मी बॅगेत चार्जर आणि चपलांच्या खाली कोंबला जाऊ लागलो. खोलीत पोचल्यावर कधी माझ्या पाठीवर ओला नॅपकिन वाळत पडे. एका पायाची टोपी कुठे गळाली, कोणाला कळलेही नाही. मानेचा स्क्रू सैल होत चालला. ती पडद्यावरून दादाशी बोले तेव्हा त्याला ते दिसे. "चित्र हलतंय तुझं. त्याचा स्क्रू आवळ," तो सांगे. ताई 'हो हो' करी आणि विसरून जाई. हातांनी सांगितलेलेही कानामागे टाकता येते, मित्रांनो.

आणि मग ती दुपार आली.

ताई गाडी बदलायला एका अनोळखी ठिकाणी उतरली होती. बसस्टँडवरचा प्रतीक्षा-कक्ष जवळजवळ रिकामा होता. पंखा संथ फिरत होता. समोरच्या बाकावर एक जाडसे काका तोंड उघडे टाकून घोरत होते. इतक्यात ताईचा फोन वाजला. पलीकडे दादाचे मालक होते. दादा तसबिरींना चौकटी बसवण्याच्या दुकानात काच कापायचे काम करत असे.

"ताई, घाबरू नका," मालक म्हणाले. "काच निसटली. उजव्या हाताला लागलंय. दवाखान्यात आणलंय, पण डॉक्टर काय विचारतायत ते आम्हाला त्याला सांगता येईना. आणि लिहून उत्तर द्यायचं तर त्याचा हातच चालत नाही."

ताईने मला झटकन बाकावर उघडले, लॅपटॉप चढवला, व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतः खाली फरशीवर बसली. पडद्यावर दादा दिसला. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला उजवा हात त्याने छातीशी धरला होता. नर्सने त्याच्यासमोर फोन धरला होता. शेजारी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"दोन बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या कापल्या गेल्यात," त्या म्हणाल्या. "त्या आज जोडता येतील. पण मग हात कित्येक आठवडे बांधून ठेवावा लागेल. नंतर व्यायाम. आणि तरी बोटं पहिल्यासारखी होतील असं मी वचन देत नाही. नाहीतर नुसती जखम शिवते, हात लवकर मोकळा होईल. पण ती दोन बोटं परत वाकायची नाहीत. त्यांना काय हवंय ते विचारा."

ताईचे हात चालू लागले. एकेक गोष्ट ती नीट सांगत होती. दादाचे डोळे तिच्यावर खिळले होते. त्याचा हात म्हणजे त्याचे काम, आणि त्याचा हात म्हणजे त्याची जीभ. दोन बोटे गेली तर कितीतरी शब्द जाणार होते.

आणि नेमका तेव्हाच माझ्या मानेतला स्क्रू सरकला. लॅपटॉप हळूहळू पुढे कलला, कॅमेरा खाली बघू लागला. ताईचे लक्ष दादाकडे होते. कोपऱ्यातल्या आपल्या चित्राकडे तिने पाहिलेच नाही. मी जीव एकवटून धरले, पण पत्र्याचा जीव तो केवढा!

"जोडून घ्यायच्या?" ताईने भुवया उंचावून विचारले.

पण भुवया पलीकडे पोचल्याच नाहीत. पोचले ते नुसते हात. दादाला दिसले, 'जोडून घ्यायच्या.'

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. डाव्या एकट्या हाताने, अर्ध्या आवाजात, तो म्हणाला, "तूसुद्धा? ठरवलंस ना? मग मला कशाला सांगतेस?"

आणि त्याने डोळे मिटले.

मित्रांनो, शाळा कोणती, काम कोणते, त्याचे सगळे लहानपणापासून मोठ्यांनी परस्पर ठरवलेले. त्याला विचारणारी घरात एकच होती, ती ही बहीण. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने डोळे मिटले की त्याला हाकही मारता येत नाही.

ताईची नजर कोपऱ्यातल्या स्वतःच्या चित्रावर गेली. तिथे बिनडोक्याची एक बाई हात हलवत होती. तिला सगळे उमगले. तिने मला सरळ केले, मी पुन्हा वाकलो. पुन्हा सरळ केले, पुन्हा वाकलो. एका हाताने मला धरावे तर बोलायला हात उरत नव्हता.

"काका! अहो काका, उठा!"

"ऑं? आली गाडी?"

"नाही आली. हे धरता का जरा? असंच, इथे मानेपाशी. हलवू नका. मला दोन्ही हात लागतात."

काकांनी डोळे चोळले, पडद्यावरची पट्टी बांधलेली आकृती पाहिली आणि एक अक्षर न विचारता गुडघे मोडून खाली बसले. त्यांचे गरम, घामेजलेले पंजे माझ्या मानेभोवती आले. "बोला तुम्ही," ते म्हणाले. "मी धरलंय."

"सिस्टर," ताई ओरडली, "खोलीतला दिवा बंद-चालू करा! आमच्या घरी त्याला असंच बोलावतात."

दिवा मिटला, लागला, मिटला, लागला. दादाने डोळे उघडले.

"माझा चेहरा तुला दिसत नव्हता," ताईने हातांनी सांगितले. "मी ठरवलं नाही. मी विचारत होते. दादा, तुला काय हवंय?" तिच्या भुवया इतक्या वर गेल्या की कपाळभर आठ्या पडल्या.

दादाने छातीशी धरलेल्या हाताकडे पाहिले.

"हात बांधला तर बोलू कसा?"

"डाव्याने."

"डाव्याने मी बोबडा बोलतो."

"मग मी बोबडं समजून घेईन."

"आणि बोटं नाहीच सुधारली तर?"

सुधारतील रे, असे म्हणणे किती सोपे होते! पण ताई तसे म्हणाली नाही. "ते कोणालाच माहीत नाही," तिने सांगितले.

बाहेर एक गाडी लागली, भोंगा वाजला आणि ती निघूनही गेली. "आमचीच होती वाटतं," काका पुटपुटले, पण त्यांचे हात हलले नाहीत.

दादाने मान वळवली. त्याने ताईकडे नाही, थेट डॉक्टरीणबाईंकडे पाहिले आणि डाव्या हाताची दोन बोटे एकमेकांत अडकवून दाखवली. दुभाषी लागलाच नाही. "जोडायच्या," त्या म्हणाल्या. "समजलं."

फोन बंद झाल्यावर ताई तिथेच फरशीवर रडली. काका आपले मला तसेच धरून बसले होते.

शस्त्रक्रिया झाली. हात सुटायला पुष्कळ आठवडे गेले. ताईने मला नवा स्क्रू आणि नवी टोपी बसवून घेतली आणि दादाच्याच घरी ठेवले, स्वतःसाठी दुसरा स्टँड घेतला. रोज संध्याकाळी ती कुठून कुठून पडद्यावर येते. दादाची उजवी करंगळी काही पुरती वाकत नाही. काही शब्द तो अजून बोबडे बोलतो. ताई मुद्दाम शाळांतल्या मुलांना ते बोबडे शब्द करून दाखवते आणि त्याला तसे सांगते, मग दादा पडद्यावर तिच्या डोक्यात टपली मारतो आणि ती लागल्यासारखे करते. मी त्यांच्यामध्ये उभा असतो, खिडकीतून येणाऱ्या सोनेरी उजेडात, आणि मला वाटते, मी अजून त्या कारखान्यातल्या स्वप्नातच आहे.

मित्रांनो, तुमच्या वस्तूंकडे अधूनमधून बघत जा. स्क्रू आवळायला कितीसा वेळ लागतो? आणि कोणाला काही विचारणार असाल, तर तुमचा प्रश्न त्याच्यापर्यंत प्रश्न म्हणूनच पोचतो आहे ना, एवढे आधी पाहा. मग थांबा. उत्तर उशिरा येईल, डाव्या हाताने येईल, बोबडे येईल. येऊ द्या. ते त्याचे असेल.