बशीतली किल्ली

ताईंनी बशी रुमालाने पुसली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि पुन्हा एकदा पुसली. निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली बशी. तिचा कप तीस वर्षांपूर्वी पहिल्या डॉक्टरांच्या हातून पडला होता. दारू सोडायला आलेल्यांपेक्षा आमच्या डॉक्टरांचेच हात जास्त थरथरतात, असं कुणीतरी म्हणालं होतं आणि सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरच हसले होते. तेव्हा व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर बाकं हलायची. कित्येकांनी आपलं सगळ्यांत अवघड वाक्य त्या धडधडीच्या आडोशाने उरकून घेतलं होतं. आताची खोली मोठी होती, शांत होती. ताईंना ती अजून परकीच वाटे.

त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. नव्या समुपदेशक मुलीने आज त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण किल्लीची रीत त्यांनीच पाडलेली. उपचाराला आलेला माणूस पहिल्या दिवशी घराची किल्ली जमा करतो. तीन महिन्यांनी, निघायच्या दिवशी, घरचं माणूस ती बशीतून उचलतं आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात ठेवतं. मग टाळ्या, मग चहा.

आज पाळी वायरमनची होती. इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी पायांशी ठेवून तो पहिल्या खुर्चीत बसला होता आणि शेजारच्यांना केंद्रातले सगळे सैल प्लग कोणते ते सांगत होता. त्याची बायको मात्र आत येऊन बसत नव्हती. दाराशी उभी राहून ती बशीकडे बघत होती.

ताईंनी ते बघणं ओळखलं. त्या उठल्या, गुडघा सरळ व्हायची वाट पाहिली आणि तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"कुलूप तेच आहे ना गं?"

बायकोने आधी होकाराची मान हलवली. मग पर्समधून एक किल्ली काढली. नवी कोरी, दुकानातली तार अजून तिच्यात अडकलेली.

"ते इथे आले आणि दुसऱ्याच आठवड्यात बदलून घेतलं."

भीती कसली, तो तर इथे होता, असं ताईंनी विचारलं नाही. गुरुवारच्या बायकांच्या बैठकीत ही काय काय बोलली होती ते नव्या मुलीने त्यांना सांगितलं होतं. रात्री पिऊन आला की किल्ली खिशातच ठेवून तो मुठीने दार वाजवायचा, समोरच्यांचं बाळ दचकून उठायचं, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळ्यांची नजर चुकवत हिला उतरावं लागायचं.

"भीती नाही ताई," ती स्वतःहूनच म्हणाली. "मला झोप लागायला लागली. ही त्यांना दिली, की माझे कान परत दाराशी. ते खरंच सुधारलेत, दिसतंय मला. पण माझ्या कानांना कोण सांगणार?"

"मग नको देऊस नवी. ते तुझं तू ठरव. पण जुनी उचलून त्यांच्या हातात ठेवू नकोस."

"इतके लोक बसलेत. आता काय सांगू?"

ताईंनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. छापखान्यावरच्या त्या खोलीत एक पुस्तकबांधणी करणारा होता. त्याच्या बायकोने हसतमुखाने किल्ली दिली होती आणि टाळ्या ताईंनीच सुरू केल्या होत्या. तीन दिवसांनी तो झोकांड्या खात जिना चढून वर आला आणि किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "किल्ली चांगली आहे ताई, दार दुसऱ्याचं निघालं." तो पुन्हा कधी दिसला नाही. कुलूप बदलल्याचं त्याच्या बायकोला सांगवलं नव्हतं, आणि ताईंनी विचारलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी प्रत्येकीला आधी बाजूला नेऊन विचारलं. फक्त तो प्रश्न कुठे लिहून ठेवायचा राहिला.

हे त्यांनी तिला थोडक्यात सांगितलं. नवी समुपदेशक मध्ये येऊन घड्याळ दाखवून गेली.

नाव पुकारल्यावर बायको पुढे झाली. बशीजवळ थांबली. हात काही पुढे केला नाही.

"ही लागायची नाही आता," ती म्हणाली. "मी कुलूप बदललंय. नवी किल्ली आहे माझ्याकडे, पण ती इतक्यात देणार नाही."

नव्या समुपदेशिकेने ताईंकडे पाहिलं. ताई बशीकडे पाहत राहिल्या. वायरमनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने पिशवीचा बंद हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. पिशवी उचलून तो सरळ जिना उतरेल असं ताईंना क्षणभर वाटलं, आणि टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली.

"मग मी यायचं कसं?" त्याने विचारलं.

"मी असते ना घरात. मी उघडीन."

"बेल वाजवू?"

"बेल कुठली? दोन वर्षं झाली, तुम्हीच ती उघडून ठेवलीय."

मागून कुणीतरी खुसखुसलं. वायरमनच्या घरचीच बेल बंद, म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं एक म्हातारा पुटपुटला, आणि वायरमनसुद्धा ओठ दाबून हसला.

"दारच वाजवा," बायको म्हणाली. दार वाजवणं म्हणजे काय, ते त्या दोघांनाही ठाऊक होतं.

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग पुढे वाकून, एकाच बोटाच्या पेराने, टेबलाच्या लाकडावर दोनदा वाजवलं. बशीतली जुनी किल्ली जागची हललीसुद्धा नाही.

बायको मान किंचित तिरकी करून ऐकत होती.

"इतकं हळू नका वाजवू," ती म्हणाली. "मी आत ओट्यापाशी असते. ऐकू नाही यायचं."