बाबांचा डावा हात

मी ट्रॅक्टर बोलतोय. रंग उडालेला, पत्रा चेपलेला, वयानं घरातल्या मुलीपेक्षा मोठा. म्हणून बाबा मला 'थोरला' म्हणायचे.

म्हणायचे, कारण पुढं त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी शेडमध्ये, ते शेडच्या दारात खुर्चीवर. दोघंही मुके.

मुलीनं मला चालू करायचं मनावर घेतलं. मी सुरू व्हायचो, थोडा चालायचो आणि दम कोंडून बंद पडायचो. तिनं त्याचा व्हिडिओ जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला.

कुणी हसलं नाही. "ताई, आधी फिल्टर बदलून बघा." "पंप असणार, पण उघडायची घाई नको." एकमेकांचं खोडतानाही 'तुमचंही बरोबर असेल' म्हणणारी माणसं!

तिनं फिल्टर बदलला, नळ्या फुंकल्या. मी पुन्हा बंद. दुखणं मला ठाऊक होतं. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं होतं. आत हवा जाईना, म्हणून डिझेल उतरेना. पण सांगणार कसं?

बाबांनाही ठाऊक होतं. ते डावा हात डोक्याजवळ नेऊन फिरवायचे.

"टोपी हवी का, बाबा?" तिनं आणून घातली. बाबांनी ती भिरकावली आणि रडायला लागले.

तिनं ग्रुपवर लिहिलं, "बाबा काहीतरी सांगतायत. टोपी दिली तर भिरकावली. मला कळत नाहीये."

एका म्हाताऱ्या फिटरनं, सगळे त्याला वंगणकाका म्हणतात, विचारलं, "त्यांची हरकत नसेल तर हात दाखवाल?"

बाबांनी मान डोलावली. व्हिडिओ गेला.

"टोपी नाही हो ताई, झाकण! टाकीच्या डोक्यावरचं!"

तिनं झाकण काढून पाहिलं, सुईनं भोक मोकळं केलं आणि मी धडधडलो, तो थांबलोच नाही. 'पंप असणार' म्हणणाऱ्यानं लिहिलं, "माझा अंदाज साफ चुकला. बाबांना नमस्कार सांगा."

आता बाबा रोज वेगळीच खूण करतात. तळहात छातीवर, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. "बसायचंय? विकायचा? कुणाला द्यायचा?" मुलगी विचारून थकली. प्रत्येक प्रश्नाला बाबांचा नकार. ग्रुपनंही डोकं खाजवलं. "नाही कळत, ताई. पण पुन्हा टाका, पुन्हा बघू."

मलाही कळत नाही. मी नुसता धडधडतो. ते हात मांडीवर टाकतात.

या वाटेनं आलात तर थोडं थांबा, त्यांचा हात बघा. उमगलं तर मोठ्यानं सांगा. तुमचं ऐकू यावं म्हणून मुलगी तेवढ्यापुरतं माझं इंजिन बंद करेल.